१९८८ ची मजुरीवाढ आणि हमीचं काम

किमान मजुरी वाढवली की काम घटतं, असं म्हणणाऱ्याला महाराष्ट्रात १९८८ हे साल आयतं सापडतं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि १९७९ पासून तिला कायद्याचं बळ मिळालं. खर्चासाठी शहरी नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला जाई आणि राज्य सरकार त्यात आपली भर टाकी. १९८८ मध्ये शेतमजुरांचं किमान वेतन जवळजवळ दुप्पट झालं, तसे हमीच्या कामाचेही दर वाढले. पुढे मस्टरवरची हजेरी मात्र घसरली.

मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ साली या घसरणीचा छडा लावला. लोकांना काम नको होतं असं नाही. मागूनही ते मिळेनासं झालं होतं. दर दुप्पट आणि हजेरी कमी, याचा साधा हिशेब असा की मजुरीवरचा खर्च दराच्या पटीत वाढू दिला गेला नाही. तेव्हा कात्री लागली ती हमीला, आणि ती लावली सरकारने. बाजारातल्या मालकाला परवडत नाही म्हणून तो माणूस कमी करतो. ज्याने कायद्याने काम द्यायचं कबूल केलं आहे, त्याला ती पळवाट नाही. पण व्यवहारात ती सहज काढता येते. पाझर तलावाचं काम सुरूच करायचं नाही, मागणीचा अर्ज घ्यायचा नाही, की झालं. त्यातून काम मिळालंच, तरी पैसे दिवसावर नव्हे, मापावर: खडी किती फोडली, माती किती उपसली. अंगात बळ नसलेल्या बाईच्या हाती ठरलेला दर पूर्ण पडेलच असं नव्हतं.

शेतकऱ्यांचा आक्षेप मला खरा वाटतो. सरकारी कामावर मजुरी वाढली की खुरपणीला, वेचणीला माणूस महाग होतो, आणि कापसाचा भाव काही शेतकऱ्याच्या हातात नसतो. पण म्हणून रोजगार बुडतो का? आंध्र प्रदेशात मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी केंद्राच्या रोजगार हमीची अंमलबजावणी सुधारल्याचे परिणाम तपासले. गरीब कुटुंबांची वाढलेली कमाई बहुतांशी खासगी कामातून आली होती. तिथली मजुरी वाढली आणि काम घटलं नाही, उलट वाढलं. मोजक्याच मालकांच्या हाती काम असलेल्या गावात आधीचा दर मुळातच दाबलेला असतो, हे त्याचं एक कारण. कोरडवाहू शेतकऱ्याची अडचण तरीही उरते. पण तिचा इलाज शेतमालाच्या भावात शोधायला हवा, मजुराच्या ताटात नव्हे.

हात मात्र ताटातच गेला. केंद्राने २००९ मध्ये आपल्या रोजगार हमीचा दर राज्यांच्या किमान वेतनापासून तोडला. १९८३ साली राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या खटल्यात किमान वेतनापेक्षा कमी देणं ही वेठबिगारी असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, तरीही.