संगणकाकरवीं नांवांची वही कशी राखावी

संगणकांच्या जाळ्यांत नांव लक्षांत ठेवणें हें माणसाचें काम आणि पत्ता शोधणें हें यंत्राचें काम, अशी वांटणी झालेली आहे. आरंभीं अमेरिकेंतील जाळ्यावरच्या सर्व यंत्रांचीं नांवें व पत्ते एकाच यादींत असत, आणि ती यादी स्टॅनफर्ड रीसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था राखीत असे. यंत्रें वाढलीं तशी ती यादी पुरेनाशी झाली. तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यांनीं डीएनएस ही योजना मांडली. आपल्या नांवांची वही ज्याची त्यानें राखावी व विचारणारास उत्तर द्यावें, हें तिचें सार होय.

ही वही एखाद्या मोठ्या कंपनीकडे सोंपविण्याचा प्रघात आतां रूढ आहे. २००९ सालीं स्थापन झालेली क्लाउडफ्लेअर ही अशीच एक अमेरिकन कंपनी. ती वही तर राखतेच. शिवाय आपण सांगितल्यास येणाऱ्या रहदारीच्या वाटेवर स्वतःचीं यंत्रें उभीं करून आपल्या संगणकाचा खरा पत्ता लोकांच्या दृष्टीआड ठेवते.

समजा, एका गृहस्थानें घरच्या लहान संगणकावर कुटुंबाचीं छायाचित्रें ठेविलीं आहेत, आणि परदेशीं असलेल्या मुलांना तीं पाहतां यावींत अशी त्याची इच्छा आहे. त्याच्या जोडणीस सार्वजनिक पत्ता मिळालेला आहे. परंतु असा घरगुती पत्ता पुष्कळदां कायमचा नसतो, मधूनमधून बदलतो. वहींत जुनाच पत्ता राहिला तर मुलें भलत्याच दारावर थाप मारतील. रात्रीं दोन वाजतां बदललेला पत्ता त्याच घटकेस वहींत कोणीं नोंदावा? हें काम संगणकाकडूनच करवून घेणें शहाणपणाचें.

त्यासाठीं कंपनीनें जी खिडकी उघडी ठेविली आहे तिला एपीआय म्हणतात. कचेरींतील खिडकीवर ठराविक नमुन्याचा अर्ज द्यावा लागतो, तसेंच येथें. 'गेट' म्हणजे नोंद दाखवा, 'पोस्ट' म्हणजे नवी करा, 'पुट' म्हणजे जुनी काढून ही संपूर्ण नोंद घाला, 'पॅच' म्हणजे तेवढाच भाग दुरुस्त करा, आणि 'डिलीट' म्हणजे खोडून टाका. उत्तर जेसन नांवाच्या सुबोध मांडणींत येतें. त्यांत काम झालें कीं नाहीं, न झाल्यास दोष कोणते, आणि झाल्यास फळ काय, हीं तिन्ही स्वतंत्र सांगितलेलीं असतात.

अर्ज लिहिण्यास पायथन ही भाषा सोयीची आहे. गीडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं ती १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केली. तींत लिहिलेल्या सूचना आधीं वेगळ्या रूपांतरित करून ठेवाव्या लागत नाहींत. लिहिल्या कीं यंत्राकडून वाचवून घेतां येतात. 'रिक्वेस्ट्स' हें साहाय्यक साधन तिला जोडलें म्हणजे अर्ज पाठविणें दोन-चार ओळींचें काम होतें. मात्र उत्तराची वाट किती सेकंद पाहावी हें स्पष्ट सांगावें. न सांगितल्यास हें साधन अनिश्चित काळ तिष्ठत राहूं शकतें.

कामाचा क्रम असा. प्रथम आपला आजचा सार्वजनिक पत्ता विचारून घ्यावा. मग 'गेट' करून वहींतील पत्ता पाहावा. दोन्ही एकच असतील तर कांहींएक न करतां थांबावें. निराळे असतील तरच 'पॅच' पाठवावा, आणि उत्तरांत यशाची खूण आहे ना हें पाहूनच काम झालें असें मानावें. ही तपासणी दर पांच मिनिटांनीं केली तरी पुरे. कंपनीची सर्वसाधारण मर्यादा पांच मिनिटांस १२०० मागण्यांची आहे. ती ओलांडणारास ४२९ हा अंक सांगून परत पाठविण्यांत येतें.

येथें 'पुट' न वापरतां 'पॅच' कां, हें ध्यानांत घ्यावें. 'पुट' संपूर्ण नोंद बदलतो. त्यांत पत्ता लपविण्याचा कलम लिहावयाचा राहिला, तर नवी नोंद त्या आवरणावांचूनच होते, आणि घराचा खरा पत्ता जगास उघडा पडतो. यंत्र चुकलें असें म्हणतां येत नाहीं. त्यानें सांगितलें तेवढेंच केलें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट किल्लीची. अर्जासोबत टोकन म्हणून एक गुप्त अक्षरमाला जोडावी लागते. ती बेअरर चेकासारखी आहे: जो हातीं धरील त्याचा अधिकार, नांव कोणी विचारीत नाहीं. संपूर्ण खात्यावर सत्ता देणारी एक सर्वसाधारण किल्लीहि कंपनी देते. ती या कामीं मुळींच वापरूं नये. एकाच नांवाच्या वहीपुरतें, केवळ नोंदी सुधारण्यापुरतें आणि ठराविक मुदतीचें टोकन करून घेतां येतें, तें घ्यावें. तें एकदांच दाखविलें जातें, म्हणून लगेच जपून ठेवावें. पण सूचनांच्या कागदांत लिहूं नये, कारण असा कागद आपण कौतुकानें दुसऱ्यास दाखवितों आणि त्याबरोबर किल्लीहि जाते. टोकन संगणकाच्या परिसर-चलांत निराळें ठेवावें, आणि परहस्तगत झाल्याचा संशय येतांच रद्द करून नवें घ्यावें.

विश्वासू कारकुनासहि आपण तिजोरीची किल्ली देत नाहीं, दप्तराची देतों. यंत्राचा आज्ञाधारकपणा तर कारकुनाहून कितीतरी अधिक; म्हणून त्यास द्यावयाचा अधिकारहि तितकाच मोजून द्यावा.