घंटेचा नाद कसा विरतो?

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे गाव तानाजी मालुसरे यांचे गाव म्हणून आपल्याला ठाऊक असते. अशा डोंगराळ गावातली शाळा असो वा शहरातली, पदार्थविज्ञानाचे एक उत्तम उपकरण पुष्कळदा प्रयोगशाळेत नव्हे, तर व्हरांड्यात टांगलेले असते. ते म्हणजे धातूच्या जाड चकतीची घंटा.

तिच्यावर टोला द्या आणि नीट ऐका. आरंभी कर्कश आवाज येतो, मग उंच स्वर एकेक करून गळतात आणि शेवटी एक खालचा स्वर घुमत राहतो. कंपनांची ऊर्जा हवेत, दोरीत आणि धातूच्या अंतर्गत घर्षणात खर्च होत असते. यालाच अवमंदन म्हणतात. समजा, त्या खालच्या स्वराचा आयाम ४ सेकंदांत निम्मा झाला. तर ८ सेकंदांत तो पाव होईल आणि १२ सेकंदांत एक अष्टमांश. हा घातांकी क्षय.

पण हे आपोआप घडते असे समजू नका. घर्षण वेगावर अवलंबून असते, म्हणजे ते फक्त गतिज ऊर्जा खाते. चकती वाकून क्षणभर थांबते तेव्हा सारी ऊर्जा स्थितिज असते आणि त्या क्षणी घर्षणाच्या हाती काहीच लागत नाही. मग एकूण ऊर्जा का घटते? कारण स्थितिज ऊर्जेला पुन्हा गतिज व्हावेच लागते. एका पूर्ण आवर्तनात दोन्हींची सरासरी जवळजवळ सारखी असते, म्हणून होणारी घट एकूण ऊर्जेच्या प्रमाणात येते. क्षयाचा अंदाज बांधणाऱ्या गणिताचा गाभा एवढाच आहे.

आता घंटा वाजत असताना चकतीच्या मध्यावर बोट टेकवा. खालचा स्वर फारसा दबत नाही! त्या स्वरात कडेचे चार भाग आळीपाळीने पुढेमागे होतात आणि मध्यबिंदू स्थिरच असतो. जिथे हालचाल नाही तिथले घर्षण निरुपयोगी. कड चिमटीत धरलीत की मात्र आवाज झटकन बसतो. तरंग समीकरणासाठी हीच गोष्ट बार्दोस, लेबो आणि राउख यांनी १९९२ साली नेमकी मांडली: तरंगाचा प्रत्येक किरण ठरावीक वेळात अवमंदनाच्या प्रदेशातून गेला, तरच सर्व कंपने घातांकी वेगाने विरतात.

हा हिशेब केवळ घंटेपुरता नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या धरणाला, त्याचा मागचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास, आडव्या भेगा पडल्या. अशा बांधकामाचे अवमंदन ५ टक्के धरले, तर धक्के थांबल्यावर डोलण्याचा आयाम निम्मा व्हायला दोनाहून थोडी जास्त आवर्तने पुरतात. धक्के चालू असतानाही डोलणे किती वाढेल हे त्याच आकड्यावर ठरते. कमी अवमंदन म्हणजे जास्त ताण. शिवाय काही ऊर्जा तळाच्या खडकात आणि जलाशयात निघून जाते, ती परत येत नाही.

यावरून प्रश्न सुचतो: चकतीला कडच नसेल तर? अमर्याद पसरलेल्या पडद्यावर वा पत्र्यावर कितीही लांब तरंग मावतात आणि घातांकी क्षयाचा नियम तिथे कोलमडतो. लांब तरंगांना मागे खेचणारे बल इतके क्षीण असते की ते डोलतच नाहीत, घट्ट तेलात बुडवलेल्या स्प्रिंगसारखे हळूहळू परततात. तेल जितके घट्ट, तितके परतणे अधिक रेंगाळते! तबल्याच्या पुडीसारख्या ताणलेल्या पडद्यात हे बल तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. वाकण्याला विरोध करणाऱ्या पत्र्यात मात्र ते चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे लांब तरंगांसाठी आणखी दुबळे. परिणामी बराच काळ लोटल्यावर पडद्यावरचा उंचवटा, उष्णता पसरावी तसा पसरत, १/t प्रमाणे उतरतो, तर पत्र्यावरचा १/√t प्रमाणे. वेळ चौपट झाला की पडद्यावर पाव उंचवटा उरतो, पत्र्यावर निम्मा.

वर्गात पहिला भाग सहज करून पाहता येईल. एकाने टोला द्यावा, दुसऱ्याने नाद ऐकू येईनासा होईपर्यंतचे सेकंद मोजावेत. मग मध्यावर बोट ठेवून आणि नंतर कडेला चिंधी बांधून तीच मोजणी पुन्हा करावी. मधली सुट्टी गाठून केलेले बरे, नाहीतर शाळा सुटेल.