लष्करातला रेडिओ, लंडनचं घड्याळ

मध्य भारतात रेडिओ केंद्र आधी होळकरांच्या गावात गेलं. 22 मे 1955 ला इंदूर केंद्र सुरू झालं, पुढच्या वर्षी भोपाळ. ख्यालगायकीचं माहेर म्हणवणाऱ्या ग्वाल्हेरला मात्र स्वतःचं केंद्र मिळायला 1964 उजाडलं. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात ही गोष्ट थोडी तरी बोचली असणारच. पण या उशिराचा एक फायदा झाला. लष्करचा श्रोता कुठल्याच एका केंद्राला बांधला गेला नाही. मराठी बातम्या दिल्लीच्या, हिंदी कार्यक्रम भोपाळ-इंदूरचे, नाटक किंवा भावगीत लागलंच तर मुंबई-पुण्याचं आणि बुधवारी रात्री कोलंबो. त्याचा रेडिओचा दिवस म्हणजे वेगवेगळ्या घरच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी.

त्याच काळात ब्रिटनमधला श्रोता अगदी उलट परिस्थितीत होता. त्याचा अख्खा दिवस लंडनमध्ये आखला जाई आणि आठवडाभर आधी ‘रेडिओ टाइम्स’मध्ये छापून हातात पडे. बीबीसीचे तीन कार्यक्रम होते. बातम्या, भाषणं, नाटकं यांचा होम सर्व्हिस. करमणुकीचा लाइट प्रोग्रॅम, 1945 पासून. आणि अभिजात संगीत-साहित्याचा थर्ड प्रोग्रॅम, 1946 पासून. या तिसऱ्याला संध्याकाळशिवाय वेळ नव्हता आणि श्रोतेही बेताचेच होते, पण प्रतिष्ठा सगळ्यांत मोठी. वर्षाला एक पौंडाचा परवाना काढला की हे सगळं घरी येई, जाहिरातीचं एक अक्षरही न ऐकता.

1950 च्या दशकातला एखादा साधा वार घ्या. सकाळी बातम्या आणि हवामान. मग ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’, म्हणजे कारखान्यांतल्या कामगारांसाठी सलग वाजणारं संगीत. हा कार्यक्रम 1940 मध्ये, ऐन युद्धात, उत्पादन वाढावं म्हणून सुरू झाला. कामगार हातातली हत्यारं ठोकून ताल धरतील म्हणून ‘डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस’ या गाण्याला त्यात बंदी होती. दुपारी पावणेदोनला लहानग्यांसाठी गोष्ट, दोनला ‘वुमन्स अवर’. चारला ‘मिसेस डेल्स डायरी’, एका डॉक्टरच्या बायकोच्या संसाराची मालिका. पाचला मुलांचा तास. पावणेसातला ‘द आर्चर्स’. शेतकऱ्यांना नव्या शेतीची माहिती गोष्टीतून द्यावी, हा या मालिकेचा मूळ हेतू. ती 1951 च्या पहिल्या दिवसापासून देशभर ऐकू येऊ लागली आणि अजून संपलेली नाही. रात्री नऊला पुन्हा बातम्या.

हा साचा आपल्याला ओळखीचा वाटतो, कारण तो आपल्याकडेही आला. कामगार सभा, वनिता मंडळ, मुलांची गंमत जंमत, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम: मुंबई केंद्राचा दिवस याच खणांत विभागलेला होता. मिसेस डेलच्या जागी आपल्याकडे ‘प्रपंच’ होता, आणि त्यातले टेकाडे भावजी त्या डॉक्टरीणबाईंपेक्षा कितीतरी पटींनी मजेदार, असं माझं प्रामाणिक मत.

या देवघेवीत माल एकाच दिशेनं गेला असंही नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोळच्या वेणू चितळे युद्धकाळात बीबीसीत काम करत होत्या. पूर्वेकडच्या विभागात जॉर्ज ऑर्वेल त्यांचे सहकारी होते. मराठी कार्यक्रमांबरोबरच त्या होम सर्व्हिसवर इंग्रजी बातम्याही वाचत. ‘किचन फ्रंट’ या कार्यक्रमात ब्रिटिश गृहिणींना रेशनमध्ये भागवायच्या पाककृती सांगितल्या जात, आणि तिथेही बिनमांसाच्या जेवणाबद्दल या मराठी बाई बोलल्या. मांस मोजकंच मिळत होतं, तेव्हा शाकाहाराला लंडनमध्ये अचानक भाव आला होता! पुढे 1958 मध्ये पु. ल. देशपांडे बीबीसीत शिकायला गेले. त्या वारीतून दूरदर्शनला एक निर्माता मिळाला आणि मराठीला ‘अपूर्वाई’.

आता पुन्हा लष्करात येऊ. दिल्ली इथून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. दिवसा तिथलं मध्यम लहरींवरचं केंद्र खरखरत लागायचं, रात्री मात्र स्वच्छ. याचं कारण वर आकाशात आहे. सूर्यप्रकाशानं वातावरणाच्या उंच भागात एक विद्युतभारित थर तयार होतो आणि तो मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, आणि त्याच्याही वरचा थर त्याच लहरी परत जमिनीकडे फेकतो. त्यामुळे रात्री मुंबईसुद्धा अधूनमधून हाती लागे. लघुलहरी दिवसाही लांब पल्ला गाठतात, पण त्यांचा आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो. गच्चीवर तांब्याच्या जाळीची एरियल, खाली व्हॉल्व्हचा रेडिओ. बटण दाबल्यावर तो तापेपर्यंत थांबायचं, हिरवा डोळा मिटत आला की केंद्र नीट लागलं असं समजायचं. परवाना इथेही लागे, पोस्टातून.

आपल्याकडचा खरा राष्ट्रीय कार्यक्रम शनिवारी रात्री साडेनऊला लागे. 20 जुलै 1952 ला संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. दिल्लीहून निघालेली मैफल देशातली सगळी केंद्रं एकाच वेळी पुढे पोचवत. माहिती आणि नभोवाणी खातं तेव्हा पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर सांभाळत होते. फ्रान्समध्ये शिकलेले आणि शास्त्रीय संगीतावर निष्ठा असलेले केसकर 1962 पर्यंत त्या खुर्चीत होते. एका परीनं त्यांना देशभर थर्ड प्रोग्रॅमच हवा होता, पण पहिले दोन त्यांनी नीट उभे केले नव्हते. सिनेसंगीताला आकाशवाणीवर जवळजवळ दार बंद झालं.

लष्करला या शनिवारचं अप्रूप वेगळं. राजाभैया पूंछवाले आणि कृष्णराव शंकर पंडितांच्या या गावात ख्याल ऐकायला रेडिओची गरज नव्हती. 1914 पासून शंकर गांधर्व महाविद्यालय होतं, 1918 पासून भातखंड्यांच्या पुढाकारानं निघालेलं माधव संगीत महाविद्यालय होतं. पण तबकडीवर साडेतीन मिनिटांत कोंबलेलं गाणं आणि शनिवारी तास-दीड तास पसरलेलं गाणं यांत फरक होता. अस्थायी-अंतरा सावकाश, पूर्ण मांडून मग बढतीला लागणाऱ्या ग्वाल्हेर गायकीला तर हा ऐसपैस वेळ फारच मानवणारा. एक विसंगती मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. हार्मोनियमचे मोठे उस्ताद भैयासाहेब गणपतराव शिंदे ग्वाल्हेरच्याच राजघराण्यातले, आणि 1940 पासून पुढची तीन दशकं रेडिओवर त्या वाद्याला मज्जाव! त्याचे ठरीव सूर आपल्या श्रुतींना झेपत नाहीत, हा आक्षेप. तो अगदीच खोटा नाही, पण पेटीवर बंदी घालण्याइतका खराही नाही.

आणि तरुण पोरं? ती काटा फिरवत होती. 1952 च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दिल्लीनं नाकारलेली गाणी कोलंबोहून थेट लष्करच्या महाराज बाड्यापर्यंत पोचू लागली. सिलोनचे ट्रान्समीटर युद्धात मित्रराष्ट्रांच्या सैनिकांसाठी उभारलेले, म्हणून दणकट. ब्रिटनमध्ये हेच काम रेडिओ लक्झेंबर्ग करत होतं. बीबीसीचे रविवार गंभीर, तर लक्झेंबर्गवर नाचगाणी आणि साबणाच्या जाहिराती. श्रोत्याला काय ऐकवायला हवं हे ठरवणारे दोन्ही देशांत होते, आणि सरहद्दीपलीकडचं ऐकणारेही दोन्हीकडे. लष्करातल्या श्रोत्याला तर इकडेतिकडे ऐकण्याची सवय आधीपासूनच होती. त्याच्या दृष्टीनं दिल्ली परकी आणि कोलंबोही परकं. मग गाणी जिथे चांगली तिथे काटा.

आकाशवाणीनं 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती काढली, म्हणजे उशिरा का होईना आपला लाइट प्रोग्रॅम. जाहिराती घ्यायला मात्र आणखी दहा वर्षं लागली. 1 नोव्हेंबर 1967 ला मुंबई, पुणे आणि नागपूर इथून जाहिरातींची सेवा सुरू झाली. त्याच्या महिनाभर आधी, 30 सप्टेंबरला, बीबीसीनंही जुनी तीन नावं मोडून रेडिओ 1 ते 4 अशी नवी मांडणी केली होती. त्यातलं पहिलं केंद्र सरळसरळ तरुणांच्या पॉप गाण्यांसाठी. ‘गीतमाला’ विविध भारतीवर आली ती 1989 मध्ये, केसकर पायउतार झाल्यावर सत्तावीस वर्षांनी.