पाठीचा मणका मोडला तर...

पाऊस तोंडावर आला की खालापूर-कर्जत भागात घरे शाकारण्याची घाई सुरू होते. कुंभिवलीसारख्या गावात कौलांवरून किंवा आंब्यावरून कोणी पडले, तर ‘पाठ भरली’ म्हणून शेक आणि मालीश होते. मणका मोडला असेल, तर हेच मालीश घातक ठरते.

मानेखाली, बरगड्या जोडलेले १२ मणके असतात. बरगड्यांच्या आधारामुळे ते सहसा मोडत नाहीत. मोडले तर मार जबर असतो. तेथे मज्जारज्जूभोवतीची पोकळी अरुंद असल्याने दोन्ही पाय लुळे पडण्याचा धोका असतो.

पट्टा की शस्त्रक्रिया? क्ष-किरण, सी.टी. स्कॅन व गरजेप्रमाणे एम.आर.आय. काढून डॉक्टर दोन गोष्टी पाहतात : कणा स्थिर आहे काय आणि मज्जारज्जूवर दाब आहे काय?

कणा स्थिर व पायांत ताकद शाबूत असेल, तर वेदनाशामक औषधे, थोडी विश्रांती आणि साधारण ८ ते १२ आठवडे पट्टा, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. अगदी वरचा मणका असेल तर पट्टा मानेपर्यंत लागतो. मधूनमधून क्ष-किरण तपासणी चुकवू नये. महिनोन्‌महिने अंथरुणात पडून राहणे मात्र हिताचे नाही.

कणा डळमळीत असेल किंवा पायांतील ताकद कमी होत असेल, तर सहसा शस्त्रक्रिया करावी लागते. स्क्रू व सळ्यांनी मणके जोडतात, मज्जारज्जूवरील दाब काढतात. तुटलेला मज्जारज्जू मात्र शस्त्रक्रियेने सांधत नाही. अशा रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून देणे, लघवीची काळजी आणि नियमित व्यायाम हाच मोठा उपचार होय.

वृद्ध स्त्रियांचा ठिसूळ मणका हंडा उचलतानाही दबतो. त्यांना पट्ट्याबरोबर हाडे बळकट करणारी औषधे लागतात. दुखणे थांबतच नसेल, तर काहींच्या मणक्यात सिमेंट भरतात. मार न लागता पाठ दुखते, संध्याकाळी ताप येतो, वजन घटते, अशा वेळी मणक्याच्या क्षयाची तपासणी करावी.

जखमीला उठवून बसवू नये, पाठुंगळी घेऊ नये, झोळीतून नेऊ नये. १०८ क्रमांकाला फोन करावा. हलवणे भागच असेल, तर चौघांनी मान, पाठ व पाय एका रेषेत ठेवून सपाट फळीवर घ्यावे. पाय बधिर झाले, लघवी अडली, तर हाडवैद्याकडे न जाता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.