वैयक्तिक परिचय संकेतस्थळ

वैयक्तिक परिचय संकेतस्थळ म्हणजे एखाद्या व्यक्तीने आपले शिक्षण, कौशल्ये, अनुभव आणि केलेली कामे यांची माहिती देण्यासाठी स्वतःच्या नावाने आंतरजालावर उभारलेले संकेतस्थळ होय. ‘बायोडेटा’ या नावाने रूढ असलेले छापील परिचयपत्र ठरावीक व्यक्तीच्या हाती दिले जाते. संकेतस्थळ मात्र कोणालाही, केव्हाही वाचता येते. त्यामुळे त्यावर काय लिहावे याइतकाच काय लिहू नये हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

पार्श्वभूमी

लिओनार्दो दा विंची याने सुमारे १४८२ मध्ये मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्यासाठी तयार केलेले पत्र हे परिचयपत्राचे प्रसिद्ध जुने उदाहरण मानले जाते. त्यात पूल, तोफा आणि युद्धयंत्रे आधी येतात, चित्रकला अगदी शेवटी. वाचणाऱ्याची गरज ओळखून केलेली ही मांडणी आजही अनुकरणीय आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ सर्वांसाठी खुले केल्यानंतर काही वर्षांतच लोक स्वतःची पाने तयार करू लागले.

वगळावयाची माहिती

महाराष्ट्रातील पारंपरिक बायोडेटात वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि ‘मु. पो.’पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता लिहिण्याची पद्धत आहे. नोकरीचा आणि विवाहाचा बायोडेटा यांची सरमिसळ हे त्याचे एक कारण असावे. हाच मजकूर जसाच्या तसा संकेतस्थळावर चढवणे धोक्याचे आहे. जन्मतारीख, पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक एकत्र मिळाल्यास तोतयेगिरी व आर्थिक फसवणूक सोपी होते. आधार क्रमांक, स्वाक्षरी किंवा गुणपत्रिकेची छायाप्रत तर कधीच ठेवू नये.

येथे कायद्याचा आधारही अपुरा पडतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या वैयक्तिक माहितीला लागू होत नाही. म्हणजेच जी माहिती एखाद्या कंपनीने फोडली असती तर दाद मागता आली असती, तीच उमेदवाराने स्वतः जाहीर केल्यास या कायद्याचे कवच उरत नाही. संपर्कासाठी या कामापुरता वेगळा ई-मेल पत्ता आणि ठिकाण म्हणून तालुका व जिल्हा एवढे पुरेसे असते.

गावाचे व व्यक्तीचे नाव

ठिकाण लिहिताना जिल्ह्याचा उल्लेख आवश्यक आहे, हे वाशिम जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा हे या जिल्ह्याचे सहा तालुके. नुसते ‘मालेगाव’ लिहिल्यास वाचणाऱ्याच्या मनात नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येते. कारंजा नावाचे गाव वर्धा जिल्ह्यातही आहे. खुद्द वाशिमचे नाव ब्रिटिश काळातील इंग्रजी कागदपत्रांत ‘बासिम’ असे आढळते. १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या प्रमाणपत्रांवर जिल्हा अकोला असतो. अनुभवी उमेदवाराने ही तफावत एका ओळीत स्पष्ट केलेली बरी.

व्यक्तिनामाचेही तसेच. रोमन लिपीत एकाच मराठी नावाची दोन-तीन वर्णलेखने होतात. गुणपत्रिकेवर जे वर्णलेखन असेल तेच संकेतस्थळावर कायम ठेवल्यास शोधयंत्राला व नियोक्त्याला व्यक्ती ओळखता येते. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या टंकांत तयार केलेला मजकूर तसाच चिकटवला तर अर्थहीन अक्षरे दिसतात.

पत्ता आणि जागा

गुगल साइट्स, गिटहब पेजेस आणि वर्डप्रेस यांवर साधे संकेतस्थळ विनामूल्य तयार होते. सहसा एकच पान पुरते: दोन-तीन ओळींत परिचय, नंतर केलेली कामे, मग शिक्षण. ‘मेहनती व प्रामाणिक’ अशी विशेषणे कोणीही लिहितो. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पदवीबरोबर सोयाबीनच्या बाजारभावांवर केलेला प्रकल्प प्रत्यक्ष वाचायला ठेवला, तर तो अधिक बोलका ठरतो.

फुकट जागेला कालमर्यादा नसते असे नाही. १९९४ मध्ये सुरू झालेली जिओसिटीज ही सेवा याहूने २००९ मध्ये बहुतेक देशांत बंद केली आणि असंख्य वैयक्तिक पाने नाहीशी झाली. म्हणून मजकुराची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

स्वतंत्र पत्ता हवा असल्यास ‘.इन’ हे अधिक्षेत्र वार्षिक शुल्क भरून नोंदवता येते. २०१४ पासून देवनागरीतील ‘.भारत’ही उपलब्ध आहे. मात्र अनेक ऑनलाइन अर्ज देवनागरी पत्ते स्वीकारत नाहीत, त्यामुळे रोमन पत्ता सोबत असणे सोयीचे. नूतनीकरण चुकल्यास मुदतीनंतर तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. आधी पाठवलेल्या प्रत्येक अर्जावरील दुवा मग त्या परक्या पानावर जातो.