जहाजावर चढण्याआधी आजींचे कागद पाहा

जबलपूरकरांना नावेत बसणे नवे नाही. भेडाघाटला जायचे, पंचवटी घाटावर तिकीट काढायचे आणि संगमरवरी कड्यांमधून नाव सरकू लागली की नावाड्याची तुकबंदी ऐकत हसायचे. नाव काय, जन्म कधीचा, राहता कुठे, असे तिथे कुणी विचारत नाही. त्यामुळे समुद्रातल्या क्रूझची जाहिरात पाहिली की तीही एक मोठी नावच वाटते. पैसे भरले, बॅगा भरल्या, निघालो! प्रत्यक्षात मात्र जहाजाच्या दारात आधी विचारतात ते कागद. आणि ज्या माणसासाठी सहल ठरवलेली असते, नेमके त्याचेच कागद बहुतेक घरांत सर्वांत कच्चे असतात.

समजा, नेपियर टाउनमधले एक मराठी कुटुंब आहे. मुलगा संरक्षण कारखान्यात नोकरीला, सून शाळेत शिक्षिका, चार वर्षांचा नातू, आणि आजी. आजींना यंदा पंचाहत्तरावे लागते आहे. आयुष्यभर नर्मदा पाहिली, समुद्र एकदाच, तोही मुंबईच्या चौपाटीवरून. म्हणून वाढदिवस जहाजावर करायचे ठरते. सगळे खूश. एजंट एक कागद पुढे करतो, ‘प्रत्येकाचे नाव ओळखपत्रावर आहे तसेच लिहा.’ सून विचारते, “आई, तुमचं नाव नक्की कसं लिहायचं?” आजी म्हणतात, “कुठल्या कागदावरचं?”

खरी मेख इथेच आहे.

माहेरची कुसुम लग्नात सुधा झाली. सातवीच्या दाखल्यावर कुसुम आणि वडिलांचे नाव. मतदार ओळखपत्रावर सुधाबाई. मधले नाव पतीचे, वसंत. ते मराठी घरात ‘वसंत’ असले तरी हिंदी मुलखातल्या दफ्तरात सहज ‘बसंत’ होते आणि इंग्रजीत उतरताना पहिले अक्षरच बदलते. पॅन कार्ड मुलाने काढून दिले, त्यावर ‘व’. आधार काढताना यंत्रावर बसलेल्या मुलाने घातला ‘ब’. पेन्शनच्या कागदावर मधले नावच नाही. मध्य प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत हा गोंधळ इतका सवयीचा असतो की तो गोंधळ आहे हेच कुणाला जाणवत नाही. बँकेतले ओळखीचे साहेब चालवून घेतात. बंदरावरचा अधिकारी आजींना ओळखत नसतो.

म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याआधी एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांचे कागद जेवणाच्या टेबलावर पसरा. जो कागद प्रवासात दाखवणार, त्यावरचे नाव अक्षर न्‌ अक्षर पाहा आणि तिकिटावर तेच घाला. पासपोर्टावर आडनाव आणि नाव असे दोन रकाने असतात. पतीचे किंवा वडिलांचे नाव ‘नाव’ या रकान्यात घातले असेल, तर तिकिटावरही ते हवे. घातले नसेल, तर केवळ सवयीने तिकिटावर तीन नावे लिहू नका. आधारवरचे नाव दुरुस्त करता येते, पण आयुष्यात दोनदाच, जन्मतारीख एकदाच. तेव्हा ‘होईल पुन्हा दुरुस्त’ असे म्हणत घाईने अर्ज भरू नये. आधी कोणते स्पेलिंग कायमचे ठेवायचे ते घरात ठरवावे, मग अर्ज करावा.

जहाज जाणार कुठे?

कोणते कागद लागतील हे जहाजाच्या थाटावर ठरत नाही. ते कोणत्या बंदरांना लागणार, यावर ठरते.

सर्वांत सोपी सहल मुंबई-गोव्याची. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीच्या जहाजाने मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा फेऱ्या सुरू केल्या आणि क्रूझ हा शब्द मध्यमवर्गीय घरांत आला. देशातल्या देशात जाताना पासपोर्ट लागत नाही. सरकारने दिलेले छायाचित्र असलेले ओळखपत्र मूळ प्रतीत लागते. झेरॉक्स किंवा मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. १९६१ पूर्वी गोव्यात पोर्तुगिजांचे राज्य होते, तेव्हा हाच प्रवास परमुलखाचा होता. आज तिथे जायला आधार पुरते, ही मोठीच सोय म्हणायची.

लक्षद्वीपचे तसे नाही, आणि हे अनेकांना शेवटपर्यंत कळत नाही. तो भारताचाच भाग असला तरी तिथल्या रहिवाशांखेरीज इतर भारतीयांनाही प्रवेशाचा परवाना घ्यावा लागतो. त्याचे नियम १९६७ पासूनचे आहेत. छोट्या बेटांवरच्या आदिवासी समाजाचे रक्षण व्हावे, हा त्यांचा हेतू. सहल कंपनीची असली की परवान्याची खटपट बहुधा कंपनीच करते, पण त्यासाठी नाव, जन्मतारीख, ओळखपत्र आणि फोटो आधी पाठवावे लागतात. इथे आजींच्या ‘व’ आणि ‘ब’चा प्रश्न पुन्हा उभा राहतो. परवाना एका नावाचा आणि हातातले ओळखपत्र दुसऱ्या नावाचे, असे झाले तर बेट समोर दिसत असताना आजी जहाजावरच बसून राहायच्या. बुकिंग करतानाच विचारा: परवाना कोण काढणार, आमच्याकडून काय हवे आणि कोणत्या तारखेपर्यंत?

तिसरा प्रकार परदेशाचा. चेन्नईहून श्रीलंकेला जाणारे जहाज असो, सिंगापूरहून मलेशिया-थायलंड करणारे असो किंवा दुबईचे, पासपोर्ट हवाच. नुसता हवा असे नाही, सहल संपल्यानंतरही किमान सहा महिने त्याची मुदत शिल्लक हवी. बऱ्याच देशांचा आणि क्रूझ कंपन्यांचा तसा आग्रह असतो. ‘अजून चार महिने आहेत की!’ हे उत्तर तिथे चालत नाही.

पासपोर्टसाठी भोपाळ नको

पूर्वी जबलपूरच्या माणसाला पासपोर्ट म्हटले की भोपाळची वारी आठवायची. २०१७ मध्ये टपाल खात्याच्या मदतीने छोट्या शहरांत पासपोर्ट केंद्रे निघू लागली. पहिल्याच यादीत जबलपूरचे नाव होते. छापून येतो तो भोपाळच्या प्रादेशिक कार्यालयाच्या नावानेच, पण आजींना घेऊन रात्रीच्या गाडीने धावायला नको. प्रौढांच्या दहा वर्षांच्या ३६ पानी पासपोर्टाला १५०० रुपये फी आहे, तत्काळ हवा तर आणखी २०००. साठीच्या पुढच्या नव्या अर्जदारांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना फीमध्ये दहा टक्के सूट मिळते.

आजींचा जन्मदाखला नाही, ही मोठी अडचण वाटते, पण ती तशी नाही. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सैल झाले आणि शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, आयुर्विम्याची पॉलिसी, सरकारी पेन्शनचा आदेश यांपैकी एकही जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालू लागला. २०२५ च्या बदलानुसार जन्मदाखल्याची सक्ती फक्त १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना आहे. सातवीपर्यंतच शिकलेल्या आजींच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’ शिक्का बसेल का, ही आणखी एक धास्ती. दहावी न झालेल्यांना काही देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते, त्यासाठीची ती खूण. पन्नाशी ओलांडलेल्यांना ती लागू नाही. आजी निर्धास्त राहू शकतात.

सुनेने मात्र एक लक्षात ठेवावे. लग्न झाले म्हणून पासपोर्टावरचे माहेरचे नाव रद्द होत नाही. तो पासपोर्ट मुदत असेपर्यंत चालतो. तिकीट तेवढे त्याच नावाचे हवे. सासरच्या हौसेपायी तिकिटावर नवे आडनाव आणि पासपोर्टावर जुने, असा प्रकार नवविवाहितांकडून वारंवार होतो. आणि कुणाच्या पासपोर्टावर आडनावाचा रकाना मोकळा असेल, तर दुबईचे बुकिंग करताना आधी चौकशी करा. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने एकाच नावाच्या पासपोर्टाबद्दल कडक धोरण घेतले आहे.

आता मुलाचे. जबलपुरात गन कॅरेज फॅक्टरी, खमरिया, वाहन कारखाना, रेल्वे, वीज मंडळाच्या कंपन्या, उच्च न्यायालय, म्हणजे घरटी एक सरकारी नोकर. त्याला पासपोर्टसाठी कार्यालयाला आगाऊ कळवल्याचे पत्र किंवा ना-हरकत पत्र जोडावे लागते. एवढ्यावर भागत नाही. पासपोर्ट हाती असला तरी खासगी परदेश प्रवासासाठी खात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. रजा मंजूर झाली म्हणजे परदेशी जायची मुभा मिळाली, असे नव्हे. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला किती दिवस लागतात ते या गावात कुणाला सांगायला नको. कुटुंबातला सर्वांत सुशिक्षित, सर्वांत धडधाकट माणूस याच एका कागदासाठी मागे राहू शकतो.

तोच देश, दुसऱ्यांदा

व्हिसाच्या बाबतीत क्रूझची एक वेगळीच गंमत आहे. विमानाने सिंगापूरला गेलात, जहाजाने पेनांग, फुकेत पाहून पुन्हा सिंगापूरला उतरलात, तर तुम्ही सिंगापुरात एकदा नव्हे, दोनदा प्रवेश केलात. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतताना अडचण. म्हणून क्रूझसाठी नेहमी अनेक प्रवेशांचा व्हिसा पाहावा. ग्रीसमधून निघून तुर्कस्तानचे बंदर करून पुन्हा ग्रीसला येणाऱ्या जहाजालाही हेच लागू. शेंगेन व्हिसा घेताना ‘एकदा’ की ‘अनेकदा’ हा रकाना बारकाईने वाचा. त्या व्हिसाला किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमाही लागतो. पंचाहत्तरीच्या आजींसाठी तो इतरत्रही घ्यावा. भर समुद्रातून रुग्णाला किनाऱ्यावर नेण्याचा खर्च त्यात धरला आहे ना, ते पाहून घ्यावा.

काही देशांनी भारतीयांना व्हिसामाफी दिली आहे. मलेशियाने डिसेंबर २०२३ मध्ये ३० दिवसांपर्यंतची दिली. अशा सवलतींना मुदत असते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका, निघण्याच्या महिन्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर खात्री करा. सिंगापूरला पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचे कार्डही ऑनलाइन भरावे लागते. ते फुकट असते. त्यासाठी पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नये.

जबलपूरचा या जगप्रवासाशी जुना संबंध आहे. मुंबई आणि कलकत्ता या दोन बाजूंनी येणारे लोहमार्ग मार्च १८७० मध्ये जबलपूरलाच जोडले गेले. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारणाऱ्या फिलिअस फॉगची गोष्ट आली ती त्यानंतर दोन-तीन वर्षांतच. तो गृहस्थ सुएझला गरज नसताना पासपोर्टावर शिक्का मारून घेतो, आपण इथून गेलो याचा पुरावा हवा म्हणून. त्या काळी वकील स्वतः सांगतो की शिक्का नसला तरी चालेल. आज असे सांगणारा अधिकारी मिळणे कठीण!

चार वर्षांच्या नातवाकडे वळू. पासपोर्ट त्याचाही वेगळाच. अल्पवयीन मुलांचा तो पाच वर्षांचा असतो, फी १००० रुपये, आणि अर्जावर आईवडील दोघांची संमती लागते. देशातल्या सहलीला त्याचे आधार आणि जन्मदाखला बरोबर ठेवावा. नागपूरची नात, म्हणजे लेकीची मुलगी, आजीबरोबर येणार असेल तर तिचे आडनाव वेगळे. तिच्या आईवडिलांचे सहीचे संमतीपत्र आणि त्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती घ्या. घरात कुणाला दिवस गेले असतील तर तेही लपवू नका. बहुतेक कंपन्या प्रवासाच्या अखेरीस २४ आठवडे पूर्ण होत असतील तर जहाजावर घेत नाहीत, आणि त्याआधीही डॉक्टरांचे पत्र मागतात.

मुंबईला निदान एक दिवस आधी पोहोचा. जबलपूर ते मुंबई हजारेक किलोमीटर, गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. आणि शेवटी पिशव्यांचे. मोठ्या बॅगा धक्क्यावर पोहोचताच खलाशी घेऊन जातात, त्या संध्याकाळी थेट केबिनच्या दारात येतात. तपासणीची खिडकी मात्र त्याआधी लागते. कागद सुरक्षित राहावेत म्हणून साड्यांच्या घडीखाली ठेवण्याची आजींची जुनी सवय असते. तेव्हा आदल्या रात्रीच सगळ्यांचे ओळखपत्र, पासपोर्ट, तिकीट, परवाना, औषधांची चिठ्ठी एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून ती सुनेच्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवा, आणि आजींच्या बॅगेचा तळ एकदा चाचपून पाहा.