डेव्हिड गिल्मर : पिंक फ्लॉइडबाहेरचे पाच अल्बम
सेहेचाळीस वर्षांत स्वतःच्या नावावर स्टुडिओ अल्बम फक्त पाच. पहिला १९७८चा, फ्रान्समध्ये जुन्या मित्रांना घेऊन केलेला. त्या वेळची एक चाल बाहेर राहिली आणि पुढे तिचंच पिंक फ्लॉइडचं ‘कम्फर्टेबली नम्ब’ झालं. ‘अबाऊट फेस’ (१९८४) मात्र पुरता ऐंशीच्या दशकातला. ड्रम्सवर जेफ पोर्कारो, दोन गाण्यांचे शब्द पीट टाउनशेंडचे. चकचकाट जरा जास्तच.

मग थेट २००६. ‘ऑन ॲन आयलंड’ त्याच्या साठाव्या वाढदिवशी आला. नव्या श्रोत्याने खरं तर इथूनच सुरुवात करावी : पिंक फ्लॉइडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट याची साथ, क्रॉस्बी आणि नॅश यांचे आवाज, आणि एकेका स्वरावर रेंगाळणारी, घाई म्हणून न करणारी गिटार.

‘रॅटल दॅट लॉक’चं (२०१५) शीर्षकगीत फ्रेंच रेल्वेच्या उद्घोषणेआधी वाजणाऱ्या सुरांवर बेतलेलं, ते त्याने स्टेशनवर फोनमध्ये टिपले होते! ‘लक अँड स्ट्रेंज’च्या (२०२४) शीर्षकगीतात राइटचे कीबोर्ड ऐकू येतात. राइट २००८मध्ये गेला. हे वादन त्याच्या आदल्या वर्षीचं. याच अल्बममधलं, गिल्मरची मुलगी रोमानी हिने गायलेलं ‘बिटवीन टू पॉइंट्स’ चुकवू नका.